‘सपोर्ट’ म्हणजे नेमकं काय? आधार, पाठिंबा, हमी, पोटगी... एका इंग्रजी शब्दाचे मराठी आणि चेक अर्थ

‘भावांनो, सपोर्ट करा.’ रील असो, निवडणुकीचा प्रचार असो किंवा कुणाच्या उपचारासाठी पैसे गोळा करण्याचं आवाहन असो, खाली हे वाक्य हमखास दिसतं. इंग्रजीतला ‘सपोर्ट’ हा शब्द मराठीत इतका रुळलाय की त्याचा अर्थ विचारायची गरजच वाटत नाही. पण हेच वाक्य दुसऱ्या भाषेत न्यायचं ठरवलं की प्रश्न सुरू होतात. सपोर्ट म्हणजे मदत? पाठिंबा? आधार? हमी? की महिन्याच्या महिन्याला मिळणारे पैसे?

हे प्रश्न नुसते शब्दांचे नाहीत. पिकाच्या ‘सपोर्ट प्राइस’ला मराठी माणूस ‘हमीभाव’ म्हणतो आणि मग खरंच हमी मागतो. अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातून २०१७ मध्ये सुरू झालेला शेतकरी संप याच मागणीसाठी होता. म्हणून या लेखात ‘सपोर्ट’च्या कुटुंबातले इंग्रजी शब्द घेऊन त्यांना चेक भाषेत काय म्हणतात आणि आपल्याकडे, विशेषतः नगर जिल्ह्यात, त्यांचा अर्थ काय होतो ते पाहू.

चेकच का?

चेक ही चेक प्रजासत्ताकाची, म्हणजे राजधानी प्राग असलेल्या मध्य युरोपातल्या देशाची भाषा. ती वाटते तितकी परकी नाही. नगरच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, २००१ पासून श्कोडा या मूळच्या चेक कंपनीच्या गाड्या तयार होतात. कंपनीचं नाव एमिल श्कोडा या उद्योजकाच्या आडनावावरून आलं. गंमत म्हणजे चेक भाषेत ‘श्कोडा’ या शब्दाचा अर्थ ‘नुकसान’ असा आहे आणि हळहळ व्यक्त करतानाही ‘अरेरे, वाईट झालं’ अशा अर्थानं तो वापरतात. जुनी जावा मोटारसायकल चेक आणि ‘रोबो’ हा शब्दही चेकच. कारेल चापेक यांच्या १९२० मधल्या नाटकातून तो जगभर गेला.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. चेक आणि मराठी या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत. त्यामुळे काही चेक शब्दांत आपले संस्कृत शब्द ओळखू येतात. आधाराशी संबंधित शब्दांत तर हे जास्तच जाणवतं.

वाचण्याआधी उच्चाराच्या तीन गोष्टी. चेक शब्दात जोर नेहमी पहिल्या अक्षरावर येतो. त्यातले त आणि द आपल्या त-द च्या जवळचे आहेत, इंग्रजीसारखे ट-ड च्या बाजूला झुकलेले नाहीत. आणि काही शब्दांत र आणि झ एकाच वेळी उच्चारल्यासारखा एक आवाज असतो. तो इथे ‘र्झ’ असा लिहिला आहे. चेक मुलांनाही हा आवाज शिकायला वेळ लागतो.

मूळ शब्द: खालून उचलणं, टेकणं आणि धरणं

इंग्रजी ‘सपोर्ट’ लॅटिनमधून आला. त्यात ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं. थोडक्यात, खालून भार उचलणं.

चेकमध्ये त्याला ‘पोदपोरा’ म्हणतात. ‘पोद’ म्हणजे खाली. उरलेला भाग टेकणं, रेटून धरणं या अर्थाच्या शब्दांच्या घराण्यातला आहे. त्याच घराण्यात ‘ओपोरा’ हा शब्द येतो. ओपोरा म्हणजे टेकायची जागा, टेका. घरातल्या कर्त्या माणसाला ‘हा आमच्या घराचा ओपोरा’ असं म्हणता येतं.

मराठीतला ‘आधार’ संस्कृतातल्या ‘धृ’ धातूपासून आला. धृ म्हणजे धरणं, धारण करणं. इंग्रजी आणि चेक शब्दांत कुणीतरी खाली उभं राहून भार घेतंय. मराठी शब्दात कुणीतरी धरून ठेवलंय.

‘ओपोरा’ म्हणजे काय हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला एका खांबावरून चटकन कळेल. नेवाशात ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली. त्या वेळी ते ज्या खांबाला टेकून बसत, तो ‘पैस खांब’ अशी परंपरा आहे. त्या खांबाभोवती आज मंदिर आहे आणि वारकरी तिथे माथा टेकवतात. चेकमध्ये खांबाला ‘स्लोउप’ म्हणतात, पुलाच्या भक्कम खांबाला ‘पिलीर्झ’. पण पैस खांबाचं काम सांगायचं तर ‘ओपोरा’ हाच शब्द बरोबर बसतो.

शेतातला आधार याहून साधा असतो. फळांनी वाकलेल्या डाळिंबाच्या फांदीला बांबू लावतात, संगमनेर-अकोल्याकडे टोमॅटोची झाडं तारेला आणि बांबूला बांधतात. याला मराठीत ‘टेकू’ म्हणायचं. चेकमध्ये अशा वस्तूला ‘पोदप्येरा’ म्हणतात आणि रोपाच्या आधारालाही ‘ओपोरा’च. चालताना काखेत धरायची कुबडी म्हणजे ‘बेर्ले’.

इथे एक फरक लक्षात ठेवायचा. टेकू तात्पुरता असतो. तोडणी झाली की काढून ठेवतात. खांब काढला तर घर पडतं. इंग्रजीत दोन्हींना ‘सपोर्ट’ म्हणून भागतं, मराठी आणि चेकमध्ये भागत नाही.

पाठिंबा: जो देता येतो आणि काढताही येतो

मराठीत समर्थनाचे बरेच शब्द माणसाच्या पाठीवरून तयार झालेत. पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, पाठीराखा, पाठीशी उभं राहणं. आपल्याला आधार देणारा माणूस मागे उभा असतो आणि मागून होणारा वार तो झेलतो, अशी ही कल्पना.

चेक माणसालाही हीच कल्पना सुचली. ‘स्तोयीम झा तेबोउ’ म्हणजे ‘मी तुझ्या मागे उभा आहे’. यातलं ‘स्तोयीम’ आणि संस्कृतातला ‘स्था’ धातू एकाच मुळातले आहेत. परीक्षेला किंवा मुलाखतीला निघालेल्या मित्राला मात्र चेक लोक म्हणतात, ‘द्रझीम ती पाल्त्से’. शब्दशः अर्थ, ‘मी तुझ्यासाठी अंगठे धरून आहे’. हाताचा अंगठा मुठीत दाबून धरला की समोरच्याला यश मिळतं, अशी ही जुनी समजूत. मराठीत अशा वेळी ‘सगळं नीट होईल, जा’ असं म्हणून पाठीवर हात ठेवतात.

राजकारणात ‘सपोर्ट’चं भाषांतर नेहमी ‘पाठिंबा’ असंच होतं, कारण तिथे तो काढून घेता येतो. त्याचं लक्षात राहिलेलं उदाहरण नगर शहरातलंच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ६८ जागांच्या नगर महापालिकेची निवडणूक झाली. शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. भाजपकडे १४ नगरसेवक होते. तरीही २८ डिसेंबरला महापौर भाजपचा झाला, कारण तेव्हाच्या एकसंध राष्ट्रवादी काँग्रेसच्या नगरसेवकांनी त्याला मतं दिली. राज्यात दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरोधात होते. पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीनं आपल्या १८ नगरसेवकांवर कारवाई केली. नगरसेवकांनी दिलेला पाठिंबा पक्षाचा नव्हता, असा त्याचा अर्थ.

चेक राजकारणात याच जातीचं एक मोठं प्रकरण १९९८ मध्ये घडलं. मिलोश झेमान यांच्या पक्षाकडे २०० पैकी ७४ जागा होत्या. त्यांचे विरोधक वात्स्लाव क्लाउस यांच्या पक्षानं सरकारच्या बाजूनं मत दिलं नाही. फक्त विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी त्यांचे खासदार सभागृहाबाहेर गेले आणि सरकार तरलं. दोन्ही पक्षांत तसा लेखी करार झाला होता. त्याला ‘ओपोझिचनी स्म्लोउवा’, म्हणजे ‘विरोधकांचा करार’ म्हणतात. हे सरकार पूर्ण चार वर्षं टिकलं. मराठी पत्रकारानं याला एका ओळीत ‘बाहेरून पाठिंबा’ म्हटलं असतं. चेकमध्ये असल्या व्यवस्थेसाठी ‘सरकार सहन करणं’ असा शब्दप्रयोग करतात. तो जास्त प्रामाणिक म्हणावा लागेल.

सपोर्ट प्राइस की हमीभाव?

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा शब्द. ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’, म्हणजे एमएसपी. सरकारी मराठीत त्याला ‘किमान आधारभूत किंमत’ म्हणतात. गावात आणि बाजार समितीत त्याला म्हणतात ‘हमीभाव’.

दोन्ही शब्दांत मोठं अंतर आहे. आधार दिला म्हणजे पडू नये म्हणून हात दिला. हमी दिली म्हणजे शब्द दिला, आणि शब्द मोडला तर जाब विचारता येतो.

प्रत्यक्षात व्यवस्था अशी आहे. केंद्र सरकार कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून २२ पिकांची किमान आधारभूत किंमत जाहीर करतं. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, ज्वारी, बाजरी त्यात येतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हा भाव क्विंटलला ५३२८ रुपये आहे. सरकारी खरेदी केंद्रावर त्या भावानं माल घेतला जातो. पण खुल्या बाजारातल्या खरेदीदारानं तोच भाव द्यावा, असा देशभर लागू होणारा कायदा नाही. म्हणजे नावात हमी आहे, कायद्यात ती नाही.

उसाची गोष्ट उलटी आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया जिथे घातला गेला, ते लोणीचं प्रवरानगर याच जिल्ह्यातलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला तो कारखाना १९५०-५१ मध्ये सुरू झाला. उसाला जो दर मिळतो त्याच्या नावात ना आधार आहे, ना हमी. त्याला ‘रास्त आणि किफायतशीर दर’, म्हणजे एफआरपी म्हणतात. पण तो कायद्यानं बांधलेला आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पैसे थकले तर शेतकरी कारखान्याविरुद्ध दाद मागू शकतो.

कांद्याला यातलं काहीच नाही. नेवासे तालुक्यातल्या घोडेगावसारख्या बाजारात कांद्याचे ट्रक भरून येतात, पण कांदा त्या २२ पिकांत नाही. भाव कोसळले की मिळतं ते अनुदान. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्यासाठी राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं होतं, तेही जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. इंग्रजीतली ‘सबसिडी’ ती हीच. चेकमध्ये तिला ‘दोतात्से’ म्हणतात.

या पार्श्वभूमीवर राहाता तालुक्यातल्या पुणतांबा गावानं १ जून २०१७ पासून संपावर जायचं ठरवलं. ग्रामसभेत तसा ठराव झाला होता. शेतमाल आणि दूध शहरात पाठवायचं नाही, असा हा संप राज्यभर पसरला. कर्जमाफी आणि उत्पादन खर्चावर ५० टक्के नफा धरून हमीभाव, या प्रमुख मागण्या होत्या. त्याच महिन्यात सरकारनं ३४ हजार २२ कोटी रुपयांची कर्जमाफी योजना जाहीर केली. हमीभावाला कायद्याची हमी मात्र मिळाली नाही.

चेकमध्ये आपला ‘हमीभाव’ सांगायचा तर ‘गारान्तोवाना त्सेना’, म्हणजे ‘हमी दिलेली किंमत’ असं म्हणावं लागेल. नुसतं ‘पोदपोरा’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की शेतकऱ्यांना काहीतरी सरकारी मदत मिळते. पुणतांब्याच्या शेतकऱ्यांचं म्हणणं नेमकं हेच होतं. मदत नको, भावाची हमी हवी.

निराधार: एकच शब्द, दोन अर्थ

मराठीत ‘निराधार’ या शब्दाचे दोन उपयोग आहेत. ‘निराधार महिला’ म्हणजे जिला कुणाचा आधार नाही. ‘निराधार आरोप’ म्हणजे ज्याला पुराव्याचा आधार नाही.

पहिल्या अर्थानं हा शब्द तहसील कार्यालयात रोज ऐकू येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून सुरू आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजारी अशा गरजू लोकांना तीतून दरमहा रक्कम मिळते. २०२३ मध्ये ती १००० वरून १५०० रुपये झाली. या योजनेत बसायचं तर आपल्याला कुणाचा आधार नाही हे आधी कागदावर सिद्ध करावं लागतं. आणि त्यासाठी जे ओळखपत्र लागतं त्याचंही नाव ‘आधार’च आहे. देशातला पहिला आधार क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला होता.

चेकमध्ये याच्या उलट रचना आहे. तिथे पैसे मिळण्यालाच ‘पोदपोरा’ म्हणतात. नोकरी गेल्यावर काही महिने मिळणाऱ्या भत्त्याचं नाव आहे ‘पोदपोरा व नेझाम्येस्तनानोस्ति’, म्हणजे ‘बेरोजगारीतला आधार’. बोलताना लोक नुसतं ‘तो पोदपोर्झेवर आहे’ असं म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतं की त्याची नोकरी गेली. मराठीत नाव पडलं ते आधार नसण्याला, चेकमध्ये ते आधार मिळण्याला.

दुसऱ्या अर्थाचा ‘निराधार आरोप’ चेकमध्ये ‘नेपोदलोझेनी’ होतो. शब्दशः, ‘ज्याच्या खाली काही ठेवलेलं नाही’ असा. इथे दोन्ही भाषांचं चित्र जवळजवळ एकच आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फॉरवर्डला तपासून पाहताना हा शब्द उपयोगी पडतो. खाली काय ठेवलंय ते आधी पाहायचं.

चाइल्ड सपोर्ट: पोटाशी जोडलेला शब्द

‘चाइल्ड सपोर्ट’चं भाषांतर ‘बाल आधार’ असं केलं तर वाचणाऱ्याला मुलाचं आधार कार्ड आठवेल. खरा शब्द आहे ‘पोटगी’. तो थेट ‘पोट’ या शब्दावरून आला. नातं तुटलं तरी मुलाचं आणि जोडीदाराचं पोट कुणी भरायचं, हा त्यातला प्रश्न.

चेकमध्ये यासाठी ‘वीझिव्ने’ हा शब्द आहे. तो आला ‘पोषण’ या अर्थाच्या शब्दावरून. त्याच्या मुळाशी ‘झिव’ आहे आणि हा झिव म्हणजे आपला ‘जीव’. दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून फुटले. चेकमध्ये ‘झिवोत’ म्हणजे जीवन आणि ‘झिवित रोदिनु’ म्हणजे कुटुंब पोसणं. यातला झ इंग्रजी ‘व्हिजन’ मधल्या ज सारखा उच्चारतात. ‘एकट्याच्या कमाईवर घर चालतं’ हे इंग्रजीत ‘सपोर्ट’नं सांगतात. मराठीत पोसणं म्हणतात आणि चेकमध्ये जगवणं.

या शब्दाला कायद्याचं बळ आहे, हे महत्त्वाचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार पत्नी, मुलं आणि आई-वडील निर्वाहखर्च मागू शकतात. पूर्वी हेच कलम १२५ म्हणून ओळखलं जायचं. वृद्ध आई-वडिलांसाठी २००७ चा वेगळा कायदाही आहे. चेक कायद्यातही ही जबाबदारी दुहेरी आहे. आई-वडिलांनी मुलांना पोसायचं आणि गरज पडली तर मोठ्या झालेल्या मुलांनी आई-वडिलांना. त्यामुळे पोटगीला ‘मदत’ म्हणणं चूक आहे. मदत देणाऱ्याच्या मनावर असते. पोटगी हा घेणाऱ्याचा हक्क आहे.

मदत आणि आधार यात फरक काय?

इंग्रजी ‘हेल्प’ला चेकमध्ये ‘पोमोत्स’ म्हणतात. संकटात ओरडायचा शब्दही हाच. मराठी माणूस अशा वेळी ‘मदत’ असं न ओरडता ‘वाचवा’ ओरडतो. ‘फर्स्ट एड’ म्हणजे ‘प्रव्नी पोमोत्स’, पहिली मदत. यातला ‘प्रव्नी’ आणि संस्कृतातला ‘पूर्व’ हे एकाच मुळातले. मराठीत त्याला प्रथमोपचार म्हणतात.

मदत एकदा होते आणि संपते. आधार टिकावा लागतो. जामखेडचं काम पाहिलं की हा फरक लक्षात येतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० मध्ये तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉक्टरनं गावात येऊन औषध देणं ही मदत झाली. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाळंतपण, लसीकरण, कुपोषण याकडे त्या स्वतः पाहू लागल्या. डॉक्टर निघून गेला तरी आरोग्यसेविका गावातच राहिली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या या कामाची दखल जगभरातल्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या चर्चेत घेतली गेली. तिथल्या कार्यशाळेत कृत्रिम पायही तयार होतात. शब्दशः उभं राहण्यासाठी लागणारा आधार.

गावोगावच्या महिला बचत गटांना सरकारी भाषेत ‘स्वयंसहाय्यता समूह’ म्हणतात. चेकमध्ये एकमेकांना आधार देणाऱ्या लोकांच्या गटाला ‘स्वेपोमोत्स्ना स्कुपिना’ असा शब्द आहे. ‘स्वे’ म्हणजे स्वतःची, ‘पोमोत्स’ म्हणजे मदत. आपला ‘स्व’ आणि त्यांचा ‘स्वे’ एकच. इतकं शब्दाला शब्द जुळणारं भाषांतर क्वचितच सापडतं.

मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला चेक लोक ‘लिंका दूव्येरि’ म्हणतात, म्हणजे ‘विश्वासाची लाइन’. आपल्याकडे अशा वेळी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करता येतो. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि मराठीतूनही बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

किल्ला, म्युनिक आणि न मिळालेला पाठिंबा

नगर आणि चेक लोकांचा इतिहासात एक धागा जुळतो. ऑगस्ट १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरूंना इतर नेत्यांबरोबर नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत ठेवलं गेलं. तिथेच १९४४ मध्ये त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्याआधी १९३८ च्या उन्हाळ्यात नेहरू प्रागला जाऊन आले होते. तेव्हा चेकोस्लोव्हाकियावर हिटलरचा दबाव वाढत होता.

फ्रान्सचा चेकोस्लोव्हाकियाशी संरक्षणाचा करार होता. म्हणजे नुसता पाठिंबा नाही, लेखी हमी होती. तरीही सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस म्युनिकमध्ये जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी त्या देशाचा सीमाभाग जर्मनीला द्यायचा निर्णय घेतला. ज्याच्या जमिनीबद्दल निर्णय होता तो देश टेबलावर नव्हता. चेक भाषेत तेव्हापासून एक वाक्प्रचार घट्ट बसला, ‘ओ नास बेझ नास’. अर्थ, ‘आमच्याबद्दल, पण आमच्याविना’. शेतीमालाचा भाव ठरवताना शेतकऱ्याला कुणी विचारत नाही, ही तक्रार ज्यांनी ऐकलीय त्यांना हे चार शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत.

मोबाइलवरचा सपोर्ट

रोजच्या वापरात इंग्रजीतला ‘सपोर्ट’ सर्वांत जास्त भेटतो तो मोबाइलवर. ‘टेक्निकल सपोर्ट’ म्हणजे चेकमध्ये ‘तेखनित्स्का पोदपोरा’. ‘कस्टमर सपोर्ट’ म्हणजे ‘झाकाझनित्स्का पोदपोरा’. मराठीत ‘तांत्रिक साहाय्य’ आणि ‘ग्राहक सेवा’. ‘हा फोन अमुक अॅप सपोर्ट करत नाही’ या वाक्याचं ‘फोन अॅपला पाठिंबा देत नाही’ असं भाषांतर यंत्र करतं आणि हसू येतं. साधं मराठी आहे, ‘हे अॅप या फोनवर चालत नाही’.

‘सपोर्टर’चंही तसंच. राजकीय समर्थकाला चेकमध्ये ‘पर्झीझनिवेत्स’ म्हणतात, खेळातल्या चाहत्याला ‘फानोउशेक’. मराठीत समर्थक, चाहता, कार्यकर्ता, पाठीराखा असे चार वेगळे शब्द आहेत आणि चौघांचं कामही वेगळं आहे.

चेक वापरताना एक काळजी घ्यायची. मराठीसारखंच चेकमध्येही विभक्तीनुसार शब्दाचं शेपूट बदलतं. आपण आधार, आधाराला, आधाराशिवाय म्हणतो तसं तिथे ‘पोदपोरा’चं होतं. ‘द्येकुयि झा पोदपोरु’ म्हणजे ‘पाठिंब्याबद्दल धन्यवाद’. ‘बेझ पोदपोरि’ म्हणजे ‘आधाराशिवाय’. इंग्रजीची सवय असलेल्याला हे अवघड जातं, मराठी माणसाला कल्पना तरी ओळखीची असते.

एका नजरेत: इंग्रजी – चेक – मराठी

सपोर्ट (सर्वसाधारण) – पोदपोरा – आधार, पाठिंबा
प्रॉप – पोदप्येरा – टेकू
पिलर – स्लोउप, पिलीर्झ – खांब
क्रच – बेर्ले – कुबडी
हेल्प – पोमोत्स – मदत
फर्स्ट एड – प्रव्नी पोमोत्स – प्रथमोपचार
गॅरंटीड प्राइस – गारान्तोवाना त्सेना – हमीभाव
सबसिडी – दोतात्से – अनुदान
चाइल्ड सपोर्ट – वीझिव्ने – पोटगी
सेल्फ-हेल्प ग्रुप – स्वेपोमोत्स्ना स्कुपिना – स्वयंसहाय्यता गट
हेल्पलाइन (मानसिक आधारासाठी) – लिंका दूव्येरि – मदतवाहिनी
टेक्निकल सपोर्ट – तेखनित्स्का पोदपोरा – तांत्रिक साहाय्य
सपोर्टर – पर्झीझनिवेत्स – समर्थक
फॅन – फानोउशेक – चाहता

मग योग्य शब्द निवडायचा कसा?

शब्दाबरोबर कोणतं क्रियापद येतं ते पाहायचं. टेकू लावतात आणि काढतात. पाठिंबा जाहीर करतात आणि काढून घेतात. अनुदान मंजूर होतं आणि रखडतं. आधार वाटतो आणि तुटतो. हमी देतात आणि पाळावी लागते. पोटगी मागता येते आणि न दिल्यास वसूल करता येते.

म्हणून पुढच्या वेळी एखादी योजना, एखादा पक्ष किंवा एखादी कंपनी ‘आमचा पूर्ण सपोर्ट आहे’ असं म्हणाली, तर ते वाक्य आधी मराठीत करून पाहावं. त्यातून पाठिंबा निघाला तर तो उद्या काढला जाऊ शकतो. हमी निघाली तर ती कुठे लिहिलीय, हे विचारता येतं.